आवाचा तुरुंग आणि मौलमीनचं रान

रत्नागिरीचा थिबा पॅलेस आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा इंग्रजांनी आणून कोकणात ठेवला आणि १९१६ साली तो इथेच वारला, एवढं आपल्याला ठाऊक असतं. याच थिबाच्या आजोबांचा भाऊ बगीडॉ हा १८१९ ते १८३७ या काळात ब्रह्मदेशाच्या गादीवर होता. त्याच्या तुरुंगात एका अमेरिकन धर्मप्रचारकाने सुमारे सतरा महिने बेड्यांमध्ये काढले. त्याचं नाव अदोनिराम जडसन. ख्रिस्ती जगात ही कथा दीडशे वर्षांहून अधिक काळ सांगितली जाते आहे. सांगणारे बहुधा तुरुंगावर भर देतात, मग सुटका होते आणि शेवटी बायबलचं बर्मी भाषांतर पूर्ण होतं. मधली तीन-चार वर्षं घाईने उरकली जातात. मला ती मधली वर्षंच महत्त्वाची वाटतात, कारण या माणसाचा ईमान तुरुंगात डळमळला नाही, तो डळमळला सुटकेनंतर, रानातल्या एका झोपडीत, जिथे त्याला छळणारं कुणीही नव्हतं.

आपल्याकडे मिशनरी म्हटलं की दोनच चित्रं समोर येतात. एकात तो देवमाणूस असतो, दुसऱ्यात साहेबाचा हस्तक. जडसन या दोन्ही चौकटींत नीट बसत नाही.

त्याचा जन्म १७८८ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतातला. बाप पाद्री. पोरगा कमालीचा हुशार आणि तितकाच महत्त्वाकांक्षी. कॉलेजात एका थोरल्या मित्राच्या नादाने त्याने बापाच्या धर्माला रामराम ठोकला. जग निर्माण करून बाजूला बसलेला एक ईश्वर असेल तर असो, पण वही, पैगंबर, प्रार्थना हे सगळं थोतांड, अशी त्या मंडळींची समजूत. विशीत तो घर सोडून निघाला, न्यूयॉर्कला नाटकवाल्यांबरोबर फिरला. परतीच्या प्रवासात एका रात्री खानावळीत मुक्काम पडला. शेजारच्या खोलीत कुणीतरी तरुण अखेरच्या घटका मोजत होता. रात्रभर कण्हण्याचा आवाज येत राहिला. हा माणूस मरणाला तयार असेल का, हा विचार जडसनच्या डोक्यातून जाईना, आणि आपला तो बुद्धिवादी मित्र अशा विचाराला कसा हसला असता, याची लाजही वाटत राहिली. सकाळी त्याने मालकाकडे चौकशी केली. माणूस गेला होता. नाव विचारलं, तर तो तोच कॉलेजातला मित्र निघाला.

या धक्क्यातून जो धर्माकडे वळला, त्याचा ईमान भीतीच्या पायावर उभा होता असं कुणी म्हणेल. पायात भीती होतीच. पण पुढे त्याने जे निर्णय घेतले ते भित्र्या माणसाचे नव्हेत.

फेब्रुवारी १८१२ मध्ये तो पत्नी ॲनसह जहाजात चढला. लग्नाला पुरते पंधरा दिवस झाले नव्हते. वय तेवीस. जूनमध्ये कलकत्त्याला पोहोचले तर ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना तातडीने चालते व्हा म्हणून सांगितलं. कंपनीला व्यापारात धर्माची लुडबूड नको होती, त्यात हे अमेरिकन, आणि त्याच महिन्यात इंग्लंड-अमेरिका युद्धाला तोंड फुटलेलं. त्यातच जडसनने स्वतःहून आणखी एक संकट ओढवून घेतलं. प्रवासात वाचन करता करता त्याचं मत बनलं की तान्ह्या मुलांना दिलेला बाप्तिस्मा धर्मग्रंथाला धरून नाही. बाप्तिस्मा जाणत्या माणसानेच घ्यायचा. हे बॅप्टिस्टांचं मत. पण ज्या संस्थेने त्याला पाठवलं होतं, ती बॅप्टिस्ट नव्हती. त्याने कलकत्त्यात बॅप्टिस्ट पद्धतीने पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि संस्थेचा राजीनामा दिला. परका मुलुख, कंपनीचा हद्दपारीचा हुकूम, आणि खिशात पगार नाही!

इथे आपल्या मराठी मुलखाचा एक धागा आहे. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे जुन्या संस्थेतच राहिले, कंपनीला चुकवत १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. पुढे अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ काढणारं ते हेच मिशन. एका धार्मिक मुद्द्यावर मत बदललं नसतं तर जडसनही कदाचित मुंबईत मराठी शिकत बसला असता. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला. जडसन मात्र मद्रासमार्गे, पुढे दुसरं जहाज मिळेना म्हणून, रंगूनला जाणाऱ्या गलबतात बसला. जुलै १८१३.

रंगूनमध्ये परदेशी व्यापाऱ्यांना, त्यांत मुसलमान, आर्मेनियन, पोर्तुगीज वंशाचे सगळे आले, आपापला धर्म पाळायला मुभा होती. राजाच्या रयतेने मात्र बुद्धाचा मार्ग सोडायचा नाही. जडसन नवराबायको भाषा शिकत बसले. हाताशी धड शब्दकोश नाही, शिकवणाऱ्याला इंग्रजी येत नाही. भाषेपेक्षा अवघड होती ती कल्पना. ज्या लोकांच्या धर्मविचारात सृष्टी निर्माण करणारा ईश्वर मुळी नाहीच, त्यांना अनादि-अनंत ईश्वर सांगायचा कोणत्या शब्दांत? पहिला मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला. पहिला बर्मी माणूस, माँग नॉ, बाप्तिस्मा घ्यायला तयार झाला तो जून १८१९ मध्ये. म्हणजे सहा वर्षांनी एक. पुढच्या वर्षी जडसन धर्मस्वातंत्र्याची याचना घेऊन राजधानीला गेला, तेव्हा बगीडॉने त्याच्या पत्रकाच्या पहिल्या काही ओळी वाचल्या आणि कागद हातातून जमिनीवर सोडून दिला.

१८२४ मध्ये इंग्रज-बर्मी युद्ध पेटलं. तोवर जडसन आवाला राहायला आला होता. त्याचे पैसे कलकत्त्याहून एका इंग्रज व्यापाऱ्यामार्फत येत. आवाच्या दरबाराला अमेरिकन आणि इंग्रज यांतला फरक कळण्याचं कारण नव्हतं, आणि इंग्रजाच्या हातून पैसे घेणारा तो इंग्रजांचा हेर, हा तर्कही काही वेडगळ म्हणता येणार नाही. ८ जूनला त्याला दोराने आवळून नेलं. तुरुंगात पायात तीन-तीन जोड बेड्या. रात्री सगळ्या कैद्यांच्या पायांमधून एक लांब बांबू घालत आणि तो दोरीने वर ओढत, म्हणजे पाय अधांतरी आणि पाठ-डोकं जमिनीवर. रोज दुपारी तीनला एखाद्याला बाहेर नेत, तो परत येत नसे.

ॲनचं या काळातलं वागणं स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पोटात मूल, आणि ही बाई रोज अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवते, लाच देते, हात जोडते. भाषांतराचं हस्तलिखित तिने एका उशीत शिवलं, उशी मुद्दाम इतकी टणक आणि भिकार केली की पहारेकऱ्याला मोह होऊ नये, आणि ती नवऱ्याला नेऊन दिली. तो त्यावर डोकं टेकून झोपत असे. राजाला कुणीतरी सिंह नजर केला होता. इंग्रजांच्या निशाणावर सिंह, म्हणून तो पिंजऱ्यासकट तुरुंगाच्या आवारात आणून उपाशी मारला. सिंह मेल्यावर ॲनने गयावया करून तो रिकामा पिंजरा तापाने फणफणलेल्या नवऱ्यासाठी मागून घेतला. कोठडीपेक्षा त्यात हवा तरी होती.

मे १८२५ मध्ये कैद्यांना भर उन्हात अनवाणी दुसऱ्या गावी चालवत नेलं. जडसनचे तळवे सोलून निघाले. त्या वेळी सोबतच्या एका इंग्रज कैद्याचा बंगाली नोकर पुढे आला. त्याने डोक्याचं पागोटं सोडून त्याचे दोन तुकडे केले, अर्धं मालकाला दिलं, अर्धं जडसनला पाय बांधायला दिलं, आणि मग जडसनला खांद्याचा आधार देत चालवलं. या नोकराचं नाव इतिहासात आलेलं नाही. जडसनच्या घरचा स्वयंपाकीही बंगाली होता. ॲन अंथरुणाला खिळली तेव्हा जातपात आणि पगार दोन्ही विसरून तोच सगळ्यांचं पोट भरत राहिला. त्याचंही नाव सापडत नाही. धर्मप्रचारकांच्या चरित्रांत हे लोक अर्ध्या वाक्यात येऊन जातात, म्हणून इथे जरा थांबलो.

नव्या तुरुंगात असताना ॲनचं दूध आटलं. जडसनला काही वेळ बाहेर सोडण्याची परवानगी मिळाली. हा माणूस बेड्या खुळखुळवत, काही महिन्यांची मारिया हातात घेऊन, गावात घरोघर फिरे आणि लेकुरवाळ्या बायकांकडे तिच्यासाठी दूध मागे. त्या बायका पाजतही.

इतकं सगळं झालं, आणि या काळात त्याच्या श्रद्धेला तडा गेल्याची खूण कुठे दिसत नाही. समजण्यासारखं आहे. समोर शत्रू दिसतो आहे, दुःखाला नाव आहे, कारण आहे. मी सत्यासाठी सोसतो आहे, असं स्वतःला सांगता येतं. उशीसुद्धा परत मिळाली. तुरुंग बदलताना पहारेकऱ्यांनी तिचं वरचं आवरण ओरबाडून आतला कापसाचा गोळा फेकून दिला होता. माँग इंग नावाच्या शिष्याने तो मालकाची आठवण म्हणून उचलून घरी ठेवला. आत काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. काही महिन्यांनी उघडलं तर कागद जसेच्या तसे! अशा वेळी कुणाचाही ईमान दुणावेल.

फेब्रुवारी १८२६ मध्ये यांदाबोचा तह झाला. तेनासरीमचा किनारा इंग्रजांकडे गेला. जडसन कुटुंब तिथल्या ॲम्हर्स्ट या नव्या वसाहतीत आलं. आणि आता तो निर्णय आला, ज्याचं ओझं जडसनने पुढे वाहिलं असं मला वाटतं. इंग्रजांचा वकील जॉन क्रॉफर्ड व्यापारी करारासाठी आवाला निघाला होता. भाषा जाणणारा माणूस हवा म्हणून त्याने जडसनला सोबत यायचा आग्रह केला आणि करारात धर्मस्वातंत्र्याचं कलम घालण्याचा प्रयत्न करीन असं आश्वासन दिलं. त्या कलमासाठी जडसन गेला. ते कलम आलं नाही. आवामध्ये असताना काळ्या मोहरेचं पत्र हाती आलं. मारियाच्या आजारपणाचं आधी कळलं होतं, पत्र देणाराही तसंच बोलला, म्हणून मूल गेलं असं मनाशी धरूनच त्याने ते उघडलं. गेली होती ॲन, २४ ऑक्टोबर १८२६ ला, तापाने, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. जवळ नवरा नव्हता. सहा महिन्यांत सव्वा दोन वर्षांची मारियाही गेली.

तुरुंगात ज्या बाईने त्याला जिवंत ठेवलं, तिच्या शेवटच्या आजारात तो परसत्तेच्या वकिलातीबरोबर होता, आणि तेही ज्या कामासाठी गेला ते न होता. याला नाव कसलं देणार? हे दुःख ‘सत्यासाठी सोसलं’ या खात्यात मांडता येत नाही.

यानंतरचा जडसन वेगळाच आहे. वरून काम चालू. तो मौलमीनला आला, शिकवत राहिला, भाषांतर करत राहिला. पण एकेक गोष्ट अंगावरून उतरवू लागला. अमेरिकेतल्या विद्यापीठाने दिलेली डॉक्टरची सन्माननीय पदवी त्याने जाहीर पत्र लिहून सोडली. स्वतःची खासगी पुंजी, सुमारे १२,००० रुपये, मिशनला देऊन टाकली. आपली स्तुती असलेली पत्रं नष्ट करायला लावली. लोकांकडे जेवायला जाणं बंद केलं. १८२८ च्या ऑक्टोबरात वस्तीपासून दूर, रानाच्या कडेला त्याने बांबूची झोपडी बांधली आणि तिला संन्याशाची कुटी म्हणू लागला. पुढे तो आणखी आत, वाघांची ये-जा असलेल्या रानात, दिवसचे दिवस एकटा बसू लागला. थोडा भात, ग्रंथ, प्रार्थना. झोपडीजवळ त्याने एक कबर खणवली आणि तिच्या काठाशी बसून आपलं शरीर त्यात कसं कुजत जाईल याचं चिंतन करी.

हे वाचताना इमाम गझाली आठवल्यावाचून राहत नाहीत. १०९५ साली बगदादच्या निझामिया मदरशातलं सर्वांत मानाचं पद, शेकडो विद्यार्थी, आणि एके दिवशी शिकवायला बसले तर जिभेतून शब्द फुटेना. हकिमांनी हात टेकले. मग कुटुंबापुरतं ठेवून बाकी संपत्ती त्यांनी वाटली, दमिश्कला गेले, उमय्यद मशिदीच्या मिनारात दार लावून बसू लागले. ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. पण दोघांत एक फरक आहे. गझालींना ठाऊक होतं की आपण कशाच्या शोधात निघालो आहोत, त्यांच्यापुढे सूफींची वाट आखलेली होती. जडसनच्या प्रोटेस्टंट परंपरेत खानकाह नाही, मुर्शिद नाही, एकांताला मान नाही. त्याने फ्रेंच कॅथलिक साध्वी मादाम गुयों यांची पुस्तकं मिळवून स्वतःच स्वतःची वाट पाडली, आणि ती त्याला कबरीच्या काठापर्यंत घेऊन गेली. त्याचे सहकारी काळजीत पडले. बर्मी शिष्यांपैकी एकाने, रानात तो बसे त्या जागी, न सांगता बांबूचं बसकं आणि वर आडोसा करून ठेवला, असं सांगतात.

ॲनला जाऊन तीन वर्षं झाली त्या दिवशी त्याने तिच्या माहेरच्यांना जे कळवलं त्याचा आशय असा: ईश्वर माझ्यासाठी पूर्ण अज्ञात झाला आहे. तो आहे यावर माझा विश्वास आहे, पण तो मला सापडत नाही. लक्षात घ्या, हा कॉलेजातला नास्तिकपणा नव्हे. तेव्हा ईश्वर नको होता, आता हवा आहे आणि सापडत नाही. सोळा वर्षं ज्याची ओळख दुसऱ्यांना करून दिली, त्याचाच पत्ता हरवला आहे. आणि हे त्याने लपवलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. धर्म सांगणाऱ्या माणसाला तसं कबूल करणं किती जड जातं हे आपल्या मौलवी-मौलानांनाही विचारून पाहावं.

त्याच सुमारास दक्षिणेकडच्या रानात काय चाललं होतं ते पाहा. को था ब्यू नावाचा एक करेन माणूस होता. करेन म्हणजे डोंगर-जंगलातले लोक, बर्मी सत्तेखाली दबलेले. हा को था ब्यू दरोडेखोर, तीसएक खुनांत आपला हात होता असं स्वतः सांगणारा. कर्जापायी गुलाम झालेला. जडसनच्या एका शिष्याने त्याला सोडवलं, पण हा गडी त्याला आवरेना, तेव्हा जडसनने त्याला स्वतःकडे घेऊन शिकवलं. १८२८ मध्ये जॉर्ज बोर्डमन नावाचा तरुण मिशनरी टवॉयला निघाला, त्याच्याबरोबर को था ब्यू गेला, तिथे मे महिन्यात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो लगेच आपल्या लोकांत रानोमाळ हिंडू लागला.

तिथल्या करेनांनी बोर्डमनकडे एक पुस्तक आणलं. वेताच्या, डांबर फासलेल्या टोपलीत, मलमलीच्या कित्येक घड्यांत गुंडाळलेलं. बारा वर्षांपूर्वी एक मुसलमान फकीर गावात आला होता, काही मांस वर्ज्य करा, याचा मान राखा असं सांगून तो ते ठेवून गेला, आणि तेव्हापासून अक्षरओळख नसलेले हे लोक त्याची पूजा करत होते. बोर्डमनने घड्या उलगडल्या. ऑक्सफर्डला छापलेलं इंग्लंडच्या चर्चचं प्रार्थनापुस्तक! एका मुसलमान फकिराच्या झोळीत ते कुठून आलं असेल आणि त्याने ते करेनांना का दिलं असेल, यावर मी पुष्कळ डोकं खाजवलं आहे. बोर्डमनने त्यांना सांगितलं की पुस्तक चांगलं आहे, पण पूजा पुस्तकाची करायची नसते, ज्याच्याविषयी ते आहे त्याची करायची. त्या फकिरालाही हे उत्तर पटलं असतं.

बोर्डमन क्षयाने खंगत गेला. त्याची दोन मुलं गेली. १८३१ च्या फेब्रुवारीत करेनांनी त्याला खाटेवर घालून रानातल्या ओढ्यापाशी नेलं. तिथे चौतीस जणांचा बाप्तिस्मा त्याने पडल्या पडल्या पाहिला आणि दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर प्राण सोडला. वय तीस.

म्हणजे जडसन ज्या वर्षी स्वतःच्या कबरीकडे बघत बसला होता, त्याच वर्षी त्याने घडवलेला एक खुनी दरोडेखोर दुसऱ्या रानात त्याचं काम पुढे नेत होता. जडसन बाहेर कसा आला याचं उत्तर चरित्रकार वेगवेगळं देतात. अमेरिकेहून धाकट्या भावाच्या मृत्यूची बातमी आली. ज्याच्या धर्मनिष्ठेविषयी त्याला कायम शंका होती तो भाऊ श्रद्धेत गेला, हे कळून त्याला हलकं वाटलं, हे एक. मला वाटतं, भाषांतर त्याने थांबवलं नाही, हे खरं. ईश्वर सापडत नव्हता तेव्हाही रोजच्या आयतांचं काम चालूच होतं, बर्मी क्रियापद नीट बसलं की नाही याचा विचार चालूच होता. एखादी लख्ख पहाट झाली आणि सगळं परत मिळालं, असं त्याच्या पत्रांत दिसत नाही. १८३० मध्ये तो झोपडी सोडून इरावतीवर वर प्रोमपर्यंत गेला, मग रंगूनला. १८३१ च्या वसंतात श्वेडगॉन पॅगोड्याच्या मोठ्या उत्सवाला आलेली माणसं त्याचं दार ठोठावून पत्रकं मागत होती. जो मागेल त्यालाच द्यायचं असा त्याचा नियम, तरी जवळपास दहा हजार गेली. पुढे तो स्वतः साल्विनच्या खोऱ्यातल्या करेनांच्या रानात नावेने फिरला.

३१ जानेवारी १८३४ ला बायबलचं शेवटचं पान झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने बोर्डमनची विधवा सारा हिच्याशी लग्न केलं. नवऱ्यामागे तीन वर्षं ती लहान मुलासह त्याच रानांत काम करत राहिली होती. तिच्यापासून त्याला आठ मुलं झाली. १८४५ मध्ये तीही अमेरिकेच्या वाटेवर सेंट हेलेनाला गेली. जडसनने आणखी एकदा लग्न केलं, मौलमीनला परतला आणि बर्मी शब्दकोशाला लागला.

१८५० मध्ये प्रकृती ढासळली म्हणून त्याला समुद्राच्या हवेसाठी एका फ्रेंच जहाजावर चढवलं. पत्नी एमिली गरोदर होती, तिला सोबत जाता आलं नाही. १२ एप्रिलला तो वारला आणि त्याच संध्याकाळी खलाशांनी त्याला समुद्रात सोडलं. मौलमीनच्या किनाऱ्यावर एमिलीला हे कळायला चार महिने लागले.